कंठीनं गिळलेला राग

पुण्यातल्या शिबिरात मिळालेला एकूण एक सल्ला खरा निघाला, आणि पुढं शर्वरीला सगळ्यात जास्त संताप त्याचाच आला.

शिबिर स्थलांतराच्या कंपनीनं भरवलं होतं. शर्वरीच्या नवऱ्याला, विश्वजितला, फिनलंडमध्ये ओउलू शहराजवळच्या समुद्रातल्या पवनचक्क्यांवर नोकरी लागली होती. साताऱ्याच्या पठारावर त्यानं पवनचक्क्यांची देखभाल केली होती. फिनलंडमध्ये आता पात्यांवर बर्फ साचू नये हे बघायचं होतं. बायको आणि आठ वर्षांची मुलगी ऊर्वी सोबत जाणार, म्हणून तिघांनाही शिबिराला बोलावलं होतं. सल्ला देणाऱ्या बाई मोठ्या हौशी होत्या. कुकरच्या जास्तीच्या रिंगा घ्या, हळद भरपूर न्या, पण थंडीचे कपडे इथून घेऊन पैसे वाया घालवू नका, तिथंच घ्या. मुलांच्या लशींचे कागद हातातल्या बॅगेत ठेवा. औषधाचं दुकानातलं नाव तिथं कुणाला कळणार नाही, आतल्या द्रव्याचं नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या. हिवाळ्यात अंधारानं मन खचतं, तेव्हा रोज दुपारी बाहेर पडा. इमारतीतल्या सामाईक कपडे धुण्याच्या खोलीतली आपली पाळी चुकवू नका. आणि शेवटी हसत हसत त्या म्हणाल्या की पहिलं वर्ष कुणाशीही वाकडं घेऊ नका. तसं तुमच्याकडून होणारही नाही, कंठी आहे ना.

कंठी म्हणजे गळ्यात बसणारी बोटभर रुंदीची पट्टी. तोपर्यंत तिचं कौतुक सगळीकडं झालेलं होतं. माणूस बोलायला लागला की घशाचे स्नायू हलतात. ती हालचाल पट्टीतले संवेदक टिपतात आणि त्यावरून शब्द ओळखतात. तोंडातून निघालेल्या आवाजाच्या लहरींना बरोबर उलट्या लहरी सोडून पट्टी तो आवाज हवेतच जिरवून टाकते, आणि त्याच क्षणी तुमच्याच आवाजात, तुमच्याच सुरात समोरच्याच्या भाषेतलं वाक्य बाहेर पाठवते. समोरचा बोलला की पट्टीसोबत मिळणाऱ्या, कानात घालायच्या मण्यात तुम्हाला मराठी ऐकू येतं. म्हणजे कराडच्या मराठी शाळेत शिकलेली शर्वरी तोंड उघडणार आणि समोरच्याला थेट फिनिश ऐकू येणार; मराठीचं एक अक्षरही त्याच्या कानावर पडणार नाही. कंठ्या आल्यापासून लोकांनी इंग्रजीही सोडून दिली होती. शाळेत रडतखडत शिकलेली ती भाषा जगभर गंजत पडली होती.

शर्वरीला कंठी आवडली. कपडे धुण्याच्या खोलीत भेटणाऱ्या बायकांशी ती पहिल्याच आठवड्यात गप्पा मारू लागली. भाषेच्या वर्गाची जागा मिळत होती, ती तिनं सोडून दिली. ऊर्वीला मात्र शाळेनं कंठी घालू दिली नाही. लहान मुलांना भाषा ऐकून आणि चुकूनच येते, असा तिथला नियम होता. सुरुवातीला ऊर्वी घरी येऊन रडायची, आणि दिवाळीपर्यंत ती झोपेतसुद्धा फिनिश बडबडू लागली.

ऊर्वीला दमा होता. कराडला धुळीनं व्हायचा, पंप घेतला की उतरायचा. ओउलूच्या डॉक्टरांनी पंप दिला होता आणि नीट समजावलंही होतं. थंड हवा कोरडी असते. पळताना माणूस ती तोंडानं ओढतो, श्वासनलिकेचं आतलं अस्तर सुकतं आणि भोवतीचे स्नायू आखडून वाट अरुंद करून टाकतात. धावण्याआधी पंप घ्यायचा आणि कडाक्याच्या थंडीत दमछाक टाळायची. हिवाळा लागला आणि शाळेत पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याचे तास सुरू झाले. एकदा ऊर्वी घरी आली तेव्हा तिचे ओठ निळसर पडले होते.

दुसऱ्याच दिवशी शर्वरी शाळेत गेली. वर्गाच्या बाई मार्युत, उंच, सडपातळ, केस पांढरे व्हायला लागलेले. ऊर्वीचा हात धरून शर्वरीनं त्यांना बजावलं की हिला दमा आहे, हिला कडक थंडीत पळवायचं नाही, घसरायला पाठवायचं नाही. पंप तुमच्याजवळ ठेवा. ती सांगायला घाबरते, तेव्हा तुम्हीच लक्ष द्यायचं. काही झालं तर मी तुम्हाला सोडणार नाही. बोलताना तिचे कान तापले होते. मार्युतबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. मण्यात मराठी आलं, की तुम्ही इतका विश्वास टाकता याबद्दल आभारी आहे. शर्वरीला जरा चमत्कारिक वाटलं, पण तिनं मनाशी म्हटलं, लोक थंड डोक्याचे आहेत. परतताना ऊर्वी तिच्याशी एक शब्द बोलली नाही. थंडीमुळं असेल, असं तिला वाटलं.

जानेवारीत एका दुपारी शाळेतून फोन आला. ऊर्वी जंगलातल्या वाटेवर कोसळली होती. श्वास घेता येत नव्हता आणि पंप वर्गातल्या दप्तरात राहिला होता. शर्वरी आणि विश्वजित दवाखान्यात पोचले तेव्हा तिच्या नाकातोंडावर मास्क होता आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती. डॉक्टर बाहेर आल्या. त्यांचा चेहरा कठोर होता, ओठ आवळलेले होते, आणि शर्वरीच्या कानात मात्र मऊ आवाज बोलत होता की मुलगी शूर आहे, आता सगळं चांगलं होईल, तुम्ही निश्चिंत राहा. शर्वरी त्या चेहऱ्याकडं बघत राहिली. ऐकू येणारे शब्द त्या तोंडाचे वाटत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊर्वी उशीला टेकून बसली होती. शर्वरीनं पेजेचा चमचा पुढं केला तर तिनं तोंड फिरवलं. शाळेला आता मी बघूनच घेते, असं शर्वरी म्हणाली, तेव्हा पोरीनं मान वळवली.

"तूच तर बाईंना सांगितलंस मला पाठवायला."

"मी?"

"मी तिथंच होते आई. तू म्हणालीस, हिला थंडीत थोडा त्रास होतो पण सवय होईल. ती घाबरते, तिला जरा धीर द्या. मी सगळं ऐकलं. तुझ्याच आवाजात."

शर्वरीनं वाटी बाजूला ठेवली, पर्समधली कंठी काढून गळ्यात घातली आणि लेकीला म्हणाली, मी बोलते, तुला काय ऐकू येतं ते सांग. कंठी चालू झाल्यावर ती बोलली, की तुमच्या हलगर्जीपणानं माझी मुलगी मेली असती.

"तू म्हणालीस, तुम्ही सगळ्यांनी फार काळजी घेतलीत," ऊर्वी म्हणाली.

तुम्हाला लाज वाटली पाहिजे, असं शर्वरी म्हणाली. ऊर्वीला ऐकू आलं, की हा प्रसंग सगळ्यांनाच जड गेला असेल. तुमच्यावर मी खटला भरणार आहे, याचं झालं, आपण एकदा सवडीनं बोलूया. मग शर्वरीनं कराडच्या बाजारात ऐकलेली, जन्मात कधी तोंडातून न काढलेली एक शिवी हासडली. लेक समोर असूनही हासडली, कारण लेकीला ती ऐकू येणारच नव्हती.

"आता म्हणालीस, आज जरा थकल्यासारखं वाटतंय."

एकही वाक्य ऐकणाऱ्याला धडधडीत खोटं वाटलं नसतं. प्रत्येकात पाणी घातलेलं होतं, इतकं की मूळ चव शिल्लक राहू नये. शर्वरीनं कंठी ओरबाडून काढली. सहा महिने ती या शहरात बोलत होती, आणि या शहरानं तिला एकदाही ऐकलं नव्हतं.

विश्वजित चहा घेऊन आला तेव्हा तिनं त्याला बाहेरच्या वऱ्हांड्यात नेलं आणि काय झालं ते सांगितलं. तो चकित होईल, चिडेल, असं तिला वाटलं होतं. तो खिडकीबाहेरच्या बर्फाकडं बघू लागला, आणि त्यावरूनच तिला कळलं.

त्याला सगळं माहीत होतं. कंठीला पातळ्या होत्या. सगळ्यात खालच्या पातळीवर ती नुसतं भाषांतर करायची. वरच्या पातळीला कंठ्या देणारी स्थलांतराची कंपनी 'समरस' म्हणायची. बाहेरदेशी गेलेली कुटुंबं वर्षाच्या आत का परततात, याचा कंपनीनं अभ्यास केला होता. बहुतेक ठिकाणी मुळाशी पहिल्या काही महिन्यांतलं एखादं भांडण सापडलं होतं, शाळेशी, शेजाऱ्याशी, घरमालकाशी. म्हणून 'समरस' पातळीवरची कंठी शब्दांबरोबर नाडी मोजायची, घशाचा ताण मोजायची, हे बोलणं असंच गेलं तर समोरचा दुखावेल का याचा अंदाज बांधायची आणि तेवढी धार घासून टाकायची. समोरच्याचं बोलणंही तसंच घासून मण्यात द्यायची. त्या यंत्राच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, त्याला मुळात मनच नव्हतं. त्याला एकच गोष्ट सांगितलेली होती, की हे कुटुंब परत जाता कामा नये. तक्रारीनं कुटुंब परतीच्या वाटेला लागतं, एवढं त्याला शिकवलं होतं, म्हणून ते तक्रार गिळत होतं. पोरीचा दमा त्या तक्रारीतच होता. तोही गिळला गेला.

"पातळी कुणी ठरवली?" शर्वरीनं विचारलं.

"ज्याची नोकरी, त्यानं ठरवायची असते. कुटुंबाची मिळून एकच असते."

"आणि मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तू तयार झाली नसतीस." मग त्यानं दम घेऊन, तिच्याकडं न बघता सांगितलं, "शर्वरी, तू भांडतेस. सोसायटीत भांडलीस, शाळेच्या बसवाल्याशी भांडलीस, माझ्या आईशी तर रोजच. मला भीती वाटली. म्हटलं, इथं एक वर्ष नीट जाऊ दे, मग बदलू."

"म्हणजे तुला मी चालत नव्हते. यंत्रातून गाळून घेतलेली चालत होते."

तो काहीतरी बोलू पाहत होता, पण ती थांबली नाही. बसवाल्याशी ती भांडली होती कारण तो दार उघडं ठेवून बस हाकायचा, आणि ती भांडली म्हणून दार बंद व्हायला लागलं होतं. हे त्याला ठाऊक होतं. तेव्हा त्यानंच चारचौघांत तिचं कौतुक केलं होतं. तिला ते सगळं ओरडून सांगावंसं वाटलं, पण आत पोरगी होती. ती एवढंच म्हणाली, की तू माझा आवाज काढून घेतलास आणि पोरीला बर्फात पाठवलंस. ती आत निघून गेली. चहा तिथंच खिडकीत गार झाला.

ऊर्वीला घरी आणल्यावर शर्वरी शाळेत गेली. गळा मोकळा होता. विश्वजित बरोबर येतो म्हणाला, तिनं नको म्हणून सांगितलं. दुभाषी म्हणून ऊर्वीला न्यावं, असंही त्यानं सुचवलं. त्यालाही तिनं नको म्हटलं. मोठ्यांची भांडणं पोरीच्या तोंडून वदवून घ्यायची नव्हती तिला.

मार्युतबाई वर्गात एकट्याच होत्या. शर्वरीनं आपल्या मोकळ्या गळ्याकडं बोट दाखवलं आणि शाळेत असताना पाठ केलेली इंग्रजी तळातून खरवडून काढली. काळ नाही, क्रियापदाला धड रूप नाही, नुसते शब्द. मुलगी. श्वास नाही. तुम्ही पाठवलं. मी सांगितलं, नको. तुम्ही पाठवलं.

मार्युतबाईंनी आधी नेहमीसारखा हात पुढं केला होता. तो अर्ध्यावर थांबला. शर्वरीचा खरा आवाज त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. मग त्यांच्या गालांवर लाल चट्टे उमटले आणि त्यांनीही तसलीच गंजलेली इंग्रजी काढली.

"मी सांगितलं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला. पुन्हा पुन्हा. मुलगी खोकते. ओठ निळे. डॉक्टरची चिठ्ठी आणा. तुम्ही हसता. तुम्ही म्हणता, छान, आभार. कसली आई तुम्ही?"

शर्वरी क्षणभर आंधळी झाल्यासारखी झाली. कसली आई, हे तिला आजवर कुणी तोंडावर विचारलं नव्हतं. ती बाकावर हात आपटून ओरडली की मला कुणी सांगितलं नाही. बाई तिच्याहून वरच्या पट्टीत ओरडल्या की सांगितलं, इथंच उभी राहून सांगितलं, मी संतापले होते, तुमच्यावर मुलांच्या कल्याण खात्याकडं तक्रार करणार होते. मोडक्या भाषेत गोड बोलायला जागाच नसते. होतं नव्हतं ते सगळं दोघींनी एकमेकींच्या तोंडावर फेकलं. बाजूच्या वर्गातलं कुणीतरी दार उघडून डोकावलं आणि घाईनं निघून गेलं.

मग शर्वरीला आठवलं. नाताळाच्या आधी बाईंनी तिला थांबवून बराच वेळ काहीतरी सांगितलं होतं, आणि मण्यात आलं होतं, की ऊर्वी खूप मेहनत घेते, तिच्या तब्येतीला जपा. ती खुशीत घरी गेली होती. ती मटकन बाकावर बसली. तिनं पर्समधून कंठी काढून टेबलावर ठेवली, तिच्याकडं बोट दाखवलं, मग स्वतःच्या तोंडाकडं, मग बाईंच्या तोंडाकडं, आणि दोन्ही तळवे एकमेकांवर घासून काहीतरी गुळगुळीत करत असल्यासारखं दाखवलं. तेवढ्यावर बाईंना सगळं समजलं नाही. तिनं 'घाबरते' आणि 'धीर द्या' हे बाईंच्या कानावर गेलेले शब्द इंग्रजीत शोधून काढले, आपण खरं काय म्हटलं होतं ते तुकड्यातुकड्यानं सांगितलं, तेव्हा बाई समोरच्या बाकावर येऊन बसल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी माफी मागितली नाही, शर्वरीनंही मागितली नाही. दोघी त्या पट्टीकडं बघत राहिल्या, दोघींच्याही मनात तिला चिरडून टाकावं असं होतं, आणि राग अंगातून उतरत नव्हता, कारण आता तो काढायला समोर माणूसच उरलं नव्हतं.

शर्वरीच्या तक्रारीवर कंपनीकडून उत्तर आलं ते अपेक्षेप्रमाणं गोड होतं. ऊर्वीच्या प्रकृतीला शुभेच्छा होत्या, आणि यंत्रानं कुटुंबप्रमुखानं निवडलेल्या पातळीनुसारच काम केलं होतं. विश्वजितनं ते वाचलं आणि पहिल्यांदाच त्याच्या कपाळाची शीर उठली. त्यानं स्वतःची कंठी काढून कपाटात टाकली आणि नुसत्या गळ्यानं कामावर गेला. संध्याकाळी परतला तो कोमेजून. त्याच्या वरिष्ठानं मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी त्याला सांगितलं होतं, की तुझं काम सदोष आहे, पात्यांचे तापक चुकीच्या वेळी चालू होतात, हे शरद ऋतूपासून सांगतोय, तू दर वेळी मान डोलावतोस. तो इतके दिवस स्वतःला लाडका समजत होता. जेवताना त्यानं शर्वरीला हे सांगितलं आणि म्हणाला, की मला तरी कुठं कुणी ओळखत होतं. तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. त्याची समजूत काढावी इतकी तिची ताकद नव्हती आणि इच्छाही नव्हती. त्यानं भाषेच्या वर्गात दोघांची नावं घातली होती. ती म्हणाली, माझं मी घालेन.

शर्वरीनं कंपनीवर दावा लावला आणि मार्युतबाईंनी साक्ष दिली. त्या भागातल्या शाळांनी पालकांच्या भेटीत 'समरस' कंठीला बंदी केली आणि माणूस दुभाषी ठेवायचं ठरवलं. बाकी जगात ती पट्टी विकली जात राहिली. शर्वरीचा दावा चालू आहे. वकील म्हणतात वेळ लागेल. ती म्हणते, लागू दे.

पण राहिलं होतं ते दुसरंच. आईचा दोष नाही, हे ऊर्वीला कळलं होतं. शर्वरीनं तिला सगळं समजावलं होतं आणि पोरगी हुशार होती. तरी ती आईपासून अंतर राखूनच वागत होती. बर्फ वितळायला लागलेल्या एका दुपारी शर्वरी तिला शाळेतून घेऊन येत होती. भाषेच्या वर्गात नुकतीच शिकलेली दोन वाक्यं तिनं रस्त्यात ऊर्वीला म्हणून दाखवली आणि शाबासकीसाठी तिच्याकडं पाहिलं. पोरगी रस्त्याच्या कडेला थांबली आणि फिनिशमध्ये बोलायला लागली. भरभर, मोठ्यानं, मुठी आवळून. शर्वरीला त्यातलं काही म्हणजे काही कळलं नाही. शेजारून जाणारा एक म्हातारा थबकला आणि पुढं गेला. ऊर्वीचा श्वास वाढला तसा शर्वरीचा हात खिशातल्या पंपावर गेला, पण तिनं तिला अडवलं नाही.

बोलून बोलून पोरगी थांबली. शर्वरी गुडघे टेकून ओल्या बर्फात तिच्यासमोर बसली.

"मला नाही कळलं. मराठीत सांग. जसं म्हणालीस तसंच सांग, काही वगळू नकोस."

मग तिनं सांगितलं.

"तू तो पट्टा घालून सगळ्यांशी बोलायचीस आणि मी एकटी रडत रडत शिकले. कुणी मला हसलं तर तुला कळायचंसुद्धा नाही. तू शिकली असतीस तर तुला तेव्हाच कळलं असतं, तू काय बोललीस ते. मला तुझा खूप राग आलाय. बाबाचा आलाय त्याच्यापेक्षा जास्त."

शर्वरीच्या तोंडावर उत्तरं आली. माझी काय चूक, मला कुठं माहीत होतं, मी तुझ्यासाठीच भांडत होते. सगळी खरी होती. तिनं ती आत लोटली. पोरीचे शब्द जसेच्या तसे, सगळ्या काट्यांसकट आत येऊ दिले. ते लागले. लेकीनं तिला दिलेली ही बऱ्याच महिन्यांतली पहिली न घासलेली गोष्ट होती.

"अजून?" तिनं विचारलं.

"अजून खूप आहे," ऊर्वी म्हणाली.

"बोल मग," शर्वरी म्हणाली, आणि तिच्या गुडघ्यांत थंडी चढत असताना ऐकत राहिली.